दार ठोठावायचं, पण कोणाचं?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात : मी ३८ वर्षांची, सोलापुरात एका शाळेत शिकवते. माझी एक जिवाभावाची मैत्रीण आहे. चर्चच्या शब्बाथ शाळेपासून आम्ही बरोबर, दृढीकरणही (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) एकाच रविवारी झालं. दोन वर्षांपूर्वी तिच्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. घरी सासू, दहावीतला मुलगा, आणि तिची एका टॉवेलच्या दुकानात हिशेबाची नोकरी. गेले आठ महिने ती उपासनेला येत नाही. मी रोज पहाटे सहाला तिला व्हॉट्सअॅपवर बायबलमधलं वचन पाठवते, दर शुक्रवारी तिच्यासाठी उपास धरते. चर्चच्या पाळकसाहेबांना दोनदा घेऊन गेले. मे महिन्यात महिला मंडळाच्या चौघींना प्रार्थनेसाठी नेलं, तर निघताना त्यातली एक दारात म्हणाली, "घरात काही लपलेलं पाप असेल तर कबूल करा, मार्ग मोकळा होईल." तेव्हापासून मैत्रीण फोन घेत नाही. नंतर एकच मेसेज आला : "माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस." माझे यजमान म्हणतात, आता सोडून दे. ओळखीचे एक बंधू म्हणतात, तीन दिवस डायलिसिस बंद ठेवून विश्वासाने त्यांना आरोग्यसभेला, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेला आणा. मी काय करू? चिकाटी सोडली तर माझाच विश्वास कमी पडला असं होईल का? खरं सांगायचं तर हल्ली प्रार्थनेला बसले की माझाच जीव थकून जातो.

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या पत्रातला एक प्रश्न थांबू शकत नाही, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. डायलिसिस बंद ठेवायचं नाही. तीन दिवस तर नाहीच, एक पाळीसुद्धा नाही. किडनी बंद पडलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठत जातं, ते फुफ्फुसात उतरतं, धाप लागते. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकून देवाची परीक्षा पाहायला प्रभू येशूने स्वतः नकार दिला होता, आणि तिथे सैतानानेही वचनच पुढे केलं होतं, याची त्या बंधूंना आठवण करून द्या. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याच पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. औषधाची लाज वाटावी असं आपल्या शास्त्रात मला तरी कुठे सापडलेलं नाही. सभेला जायचं की नाही ते नवरा-बायकोने ठरवावं. जायचंच झालं तर डायलिसिस नसलेल्या दिवशी आणि गोळ्या बरोबर ठेवून. असा सल्ला पुन्हा कोणी दिला, तर तो त्या घरापर्यंत पोचण्याआधी पाळकसाहेबांच्या कानावर घाला. एवढ्या एका बाबतीत मी मवाळ बोलणार नाही.

आता चिकाटीकडे येऊ.

लूकच्या अकराव्या अध्यायातला मध्यरात्रीचा मित्र आपण लहानपणापासून ऐकत आलोय. "विश्वासात चिकाटी हवी" म्हटलं की हटकून तोच दाखला निघतो. मला एक सांगा, त्या गोष्टीत दार कोणाचं ठोठावलं जातं? अवेळी पाहुणा आलाय, प्रवासाने शिणलेला. घरात वाढायला काही नाही. घरधनी उठतो, शेजाऱ्याच्या दारी जातो, तीन भाकरी मागतो. मुलं निजलीत, दार लावलंय, त्रास देऊ नकोस, हे ऐकूनही जागचा हलत नाही. त्याच्या या आग्रहासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ जवळजवळ निलाजरेपणा असा होतो. पण तो सगळा निलाजरेपणा शेजाऱ्याच्या दाराशी. घरी बसलेल्या पाहुण्याला तो काही म्हणत नाही. "तूही चल, तूही ठोठाव, तुझी भूक खरी असेल तरच दार उघडेल," असलं काही तो बोलत नाही. पाहुण्याचं काम एकच, भाकरी आली की खायची.

तुम्ही दोन दारं ठोठावताय. देवाचं शुक्रवारी, आणि मैत्रिणीचं रोज पहाटे सहाला. पहिल्या दारावर हात दुखेपर्यंत ठोठावा, लाज सोडून ठोठावा, तिथे तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. दुसऱ्या दाराआड एक बाई आहे, तिला बहुधा झोप हवी आहे. वचन चांगलंच असतं हो. पण ते पहाटे सहाला आलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. निदान हात जोडल्याचं चित्र तरी पाठवावं लागतं, नाही तर समोरची विचारणार, रागावलीस का? ज्या बाईच्या डोक्यावर आधीच दहा कामं आहेत तिला आपण अकरावं काम दिलं, असं मला वाटतं. तुमचा हेतू तो नव्हता, हे मला कळतं आणि तिलाही कळत असेल.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती आठ महिने उपासनेला आली नाही, म्हणून तिचा विश्वास ढळला, असं तुम्ही धरून चाललात. पण रविवारी सकाळी ती काय करते, हे पत्रात कुठेच नाही. ठाऊक आहे का तुम्हाला? आठवड्यात दोन दिवस डायलिसिसचे. एका पाळीला सुमारे चार तास, जाणं-येणं, नंबर लागणं आणि नंतरचा थकवा धरला तर अख्खा दिवस गेला. त्या दोन दिवसांची रजा भरून काढायला उरलेल्या दिवशी दुकानात जास्त बसायचं. मग धुणं, सासू, मुलाची दहावी, असं सगळं रविवारी सकाळी समोर येत असणार. आणि चर्चला आलीच, तर दारापासून फाटकापर्यंत पंधरा जण विचारणार, "कसे आहेत आता?" बरे आहेत म्हटलं तर खोटं, नाहीत म्हटलं तर उभ्या उभ्या उपदेश. मी तिच्या जागी असते तर मीही घरी राहिले असते.

कदाचित तिचा देवावर रागही असेल. असू द्या. स्तोत्रसंहितेत ८८ वं स्तोत्र आहे, ते एकदा सावकाश वाचा. बहुतेक विलापगीतं शेवटाला स्तुतीकडे वळतात, ते वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. कोणी त्याच्याखाली एक उजळ कडवं जोडून दिलेलं नाही.

त्या दारातल्या वाक्याविषयी. शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं. योहानाच्या नवव्या अध्यायात इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आपल्या मंडळ्यांमध्ये हा प्रश्न अजून आजाऱ्याच्या उंबऱ्यावर विचारला जातो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. ते वाक्य तुमचं नव्हतं, पण त्या बाईला तुम्ही नेलं होतं आणि ती बोलली तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. (पत्रात तसं लिहिलेलं नाही. पण काही बोलला असतात तर लिहिलं असतंत, असा माझा अंदाज.) तेव्हा मैत्रिणीची माफी मागा. "त्यांच्या मनात तसं नव्हतं गं" ही सारवासारव नको. "मी तेव्हा तिला थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही, चुकलं माझं," एवढं पुरे. त्या भगिनीशीही एकांतात बोला. भर मंडळात तिला उघडं पाडण्याची गरज नाही, तीही कधीतरी कोणाच्या तरी उंबऱ्यावर हे ऐकूनच शिकली असेल.

"माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस" याचा अर्थ काय घ्यायचा? मला वाटतं तिला तुमच्या प्रार्थनेचा त्रास नाही, प्रार्थना ऐकवली जाण्याचा आहे. आपल्याकडे प्रार्थनेतून फार काही सांगितलं जातं. "प्रभू, या बहिणीचं मन नम्र कर" असं मोठ्याने म्हटलं की ते प्रभूपेक्षा बहिणीलाच जास्त ऐकू जातं. तेव्हा प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करा, प्रभूनेच तसं सांगितलंय. तिला त्याचा अहवाल देऊ नका. ही फसवणूक होईल का, असं तुम्ही विचाराल. मला ती फसवणूक वाटत नाही. तिने कधी थेट विचारलं तर खरं सांगा, "हो, करते, राहवत नाही." न विचारता सांगू नका. शुक्रवारचा उपासही धरायचा तर धरा, पण मंडळात त्याची चर्चा थांबवा. इतक्या जणींना ठाऊक असलेली गोष्ट तिच्यापर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही.

मग चिकाटी दाखवायची कुठे? मला आधी एक साधी माहिती हवी आहे. तिच्या गल्लीत पाणी कोणत्या दिवशी येतं?

हसू नका. आपल्या सोलापुरात बऱ्याच भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, कधी पहाटे, कधी मध्यरात्री. ज्या दिवशी डायलिसिस आणि पाणी एकदम येतं, त्या दिवशी त्या घरात काय होत असेल? घरात एक म्हातारी आणि एक दहावीचा मुलगा. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा आमच्या शेजारी एक तेलुगू मावशी राहायच्या, दिवसभर बिड्या वळायच्या. रात्री दोन वाजता पाणी आलं की त्या आपली नळी आमच्या पिंपात सोडायच्या आणि आईला उठवायच्या नाहीत. सकाळी पिंप भरलेलं दिसायचं. आमच्या मंडळीतून त्या वर्षी खूप जण येऊन प्रार्थना करून गेले, त्यांचं प्रेम मी नाकारत नाही. पण आईच्या तोंडी शेवटपर्यंत नाव राहिलं ते मावशींचं.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमला चौघांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडलं. तुम्हीही चौघींनाच नेलं होतंत, म्हणून ती गोष्ट पुन्हा वाचली. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो, पण त्या चौघांच्या तोंडी त्याने एकही वाक्य घातलेलं नाही. त्यांनी बाज उचलली, गर्दीतून वाट मिळेना म्हणून वर चढले, छप्पर उसकटलं. एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते, शास्त्रात तिचं उत्तर नाही : ते छप्पर नंतर कोणी शाकारलं? दुसऱ्याच्या घराची नासधूस झाली होती ना. मला वाटतं त्या चौघांनीच दुसऱ्या दिवशी येऊन ते केलं असावं. निदान तसं धरून चालायला मला आवडतं.

तुमच्याकडे बाज उचलायला चौघी आहेतच, त्यांच्यात कामं वाटून घ्या. एकीने पाण्याचा दिवस घ्यावा. एकीने डायलिसिसच्या दिवशी सासूबाईंचं जेवण बघावं. तुम्ही शिक्षिका आहात, मुलाच्या गणिताचे दोन तास तुमचे, आणि त्या तासांत आईबापांचा विषय मुलाने काढला तरच. कोणाच्या नवऱ्याकडे गाडी असेल तर महिन्यातून एखादी पाळी त्याने न्यावं-आणावं, म्हणजे मैत्रिणीची एक रजा वाचेल. ही कामं वर्षभर चालणारी आहेत. पहिल्या महिन्यात सगळ्यांना उत्साह असतो, चौथ्या महिन्यात खरी चिकाटी लागते, म्हणून सुरुवातीलाच थोडं घ्या, झेपेल तेवढंच.

भेटीला जाताना काय न्यायचं तेही सांगते, कारण यात चांगली माणसं चुकतात. आपण आजाऱ्याकडे नारळपाणी, केळी, संत्री-मोसंबी घेऊन जातो. डायलिसिसच्या रुग्णाला हे घातक ठरू शकतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पाणी, ताक, चहा सगळं मोजून प्यावं लागतं, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये मोजून पाणी पिणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. अशा माणसासमोर बसून सरबताचा ग्लास रिकामा करू नका. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी प्रेमाने बांधून नेण्याआधीही विचारा, मीठ आणि शेंगदाणे दोन्हींवर बंधन असू शकतं. त्यांना काय चालतं ते त्यांच्या डॉक्टरांनी नाही तर आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं असेल, तो कागद बघूनच डबा करा. आणखी एक, हातावर फिस्च्युला (डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) केलेला असेल तर तो हात धरून, दाबून प्रार्थना करू नका. डोक्यावर हात ठेवा, नाही तर नुसते शेजारी बसा.

पैशाचं बोलणं नाजूक असतं, तरी एक चौकशी तुम्ही करू शकता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, ते कागदपत्रं सांगतात. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे, त्याची चौकशी सरकारी रुग्णालयात करता येते. दोन वर्षं झाली म्हणजे त्यांनी हे आधीच केलेलं असण्याचा संभव मोठा आहे, तेव्हा शिकवण्याच्या सुरात नको. रेशनकार्डाच्या किंवा नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहायला माणूस हवा का, एवढंच विचारा. प्रत्यारोपण, किडनी कोण देणार, हा विषय मात्र तुम्ही काढायचा नाही. आणि तिचं बोलणं अगदीच निराशेचं वाटू लागलं, जगण्यात अर्थ नाही असं काही ती म्हणाली, तर एकट्याने निभावू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. तिच्या घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगा.

तुमच्या यजमानांचं "सोडून दे" हे मला पूर्ण चूक वाटत नाही. ते तुमचा थकवा रोज बघतात. तिला बदलण्याचा प्रयत्न सोडून द्या, असं त्यांच्या बोलण्यातलं अर्धं घ्या. तिला सोडू नका. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनी काही काळ काढला, तो नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाल्यानंतरचा. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. टिळक काही थंड डोक्याचे गृहस्थ नव्हते, तरी ती मधली वर्षं त्यांना आखूड करता आली नाहीत. तुमच्या मैत्रिणीची गोष्ट निराळी आहे, ती विश्वासापासून लांब गेलीय की नाही हेही आपल्याला ठाऊक नाही. पण दुसऱ्याच्या मनाचं घड्याळ आपल्या हातात नसतं, हे दोन्हीकडे सारखंच.

राहता राहिला तुमचा स्वतःचा थकवा. पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, अडथळा मैत्रिणीच्या वाटेत आहे तितकाच तुमच्याही वाटेत आहे. तिचे यजमान बरे झाले, ती पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसली, तर माझी प्रार्थना ऐकली गेली. नाही तर माझ्यातच काही कमी आहे, असा हिशेब तुम्ही मनात मांडलेला दिसतो. त्यात तिचं दुःख तुमच्या विश्वासाची परीक्षा होऊन बसलं. ते ओझं तिला कुठेतरी जाणवत असणार. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही, म्हणून पौलाच्या विश्वासाला कोणी नावं ठेवत नाही. डायलिसिस वर्षानुवर्षं चालू शकतं. "बरे करा" या एकाच मागणीवर तुमची प्रार्थना उभी असेल तर ती थकणारच. आज त्यांना रात्रीची झोप लागो, सुई एकदाच टोचावी लागो, मुलाचा पेपर बरा जावो, असंही मागत चला.

रफीदीमच्या लढाईत, हात वर धरून धरून मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा आणून दिला, मग दोन्ही बाजूंनी हात धरले. तुमच्या बाजूला कोण आहे? शुक्रवारच्या उपासात एखादी विश्वासू बहीण बरोबर घ्या, जी बाहेर बोलणार नाही. काही शुक्रवार तिच्यावर सोपवा आणि त्या दिवशी पोटभर जेवून लवकर झोपा.

आणि आता मेसेज. वचनं बंद केल्यावर आठ-दहा दिवस काहीच पाठवू नका. माफीचे दोन शब्द शक्यतो समोर जाऊन बोला. ती भेटली नाही तर चिठ्ठी लिहून सासूबाईंकडे द्या. त्यानंतर एखाद्या दुपारी हे लिहा : "गुरुवारी पाणी आणि डायलिसिस एकाच दिवशी येतंय का गं? येत असेल तर किल्ली शेजारी ठेव, मी येऊन भरून जाईन. चहापाणी नको, उत्तरही नको दिलंस तरी चालेल." किल्ली ठेवली तर जा, पिंप भरा, झाकण लावा, नळ नीट बंद करा आणि निघा. ठेवली नाही, तर पुढच्या पाण्याच्या वेळी पुन्हा विचारा.